प्रस्तावना : माल्टाची संपन्नता आणि तिचे देणे

भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर, सिसिलीपासून शंभर किलोमीटरांच्या आत आणि लिबियाच्या किनाऱ्यापासून साडेतीनशेच्या आत वसलेल्या ज्या द्वीपसमूहास आपण माल्टा म्हणतो, त्याचे एकंदर क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याच्या आसपास भरते. आणि एवढ्याशा भूमीवर स्वतःची भाषा, स्वतःची संसद, स्वतःचे घटनात्मक न्यायालय आणि युरोपीय संघाच्या पंक्तीत जर्मनी-फ्रान्सच्या शेजारी मांडलेला स्वतःचा पाट असलेले एक सार्वभौम राज्य नांदते आहे, ही गोष्ट प्रथमदर्शनी कौतुकाची वाटली, तरी त्या राज्याच्या कारभाराकडे जरा निरखून पाहू लागताच कौतुकाची जागा प्रश्न घेऊ लागतात. पुढील प्रकरणांचा विषय ते प्रश्न आहेत.

मराठी वाचकाला हे बेट अगदीच परके मानण्याचे कारण नाही. १८७८ साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्या युद्धाची झळ कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीपर्यंत पोहोचली, तेव्हा ब्रिटनमधील डिझरायली यांच्या सरकारने रशियाला धाक घालण्यासाठी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबई बंदरातून माल्टास रवाना केले, आणि त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. पार्लमेंटच्या संमतीवाचून हिंदुस्थानचे सैन्य युरोपात नेण्याचा सरकारला अधिकार आहे काय, यावर लंडनमध्ये मोठा वाद माजला. ज्या शिपायांच्या नावाने तो चालला, त्यांना त्याची वार्ताही बहुधा लागली नसावी. आज त्याच बेटावर भारतीय माणसे पुन्हा मोठ्या संख्येने दिसतात. २०२१ च्या जनगणनेत तेथील परकी नागरिकांमध्ये इटालियन आणि ब्रिटिश यांच्या खालोखाल भारतीयच होते, आणि रुग्णालयांत शुश्रूषा करणाऱ्या, उपाहारगृहांत राबणाऱ्या किंवा दुचाकीवरून घरोघर जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या या मंडळींचे पगार, परवाने आणि भाड्याच्या खोल्या हा माल्टाच्या सार्वजनिक धोरणाचा एक ज्वलंत भाग झाला आहे. तेव्हा हा विषय आपल्यापैकी कित्येकांच्या नातलगांचाही आहे.

माल्टाचा इतिहास येथे सविस्तर सांगण्याचा हेतू नाही. मात्र त्यातील एक सूत्र हाती घेतल्यावाचून आजची अवस्था उलगडत नाही, आणि ते सूत्र राज्याच्या चरितार्थाचे आहे. १५३० ते १७९८ पर्यंत सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनी येथे राज्य केले ते युरोपभर पसरलेल्या आपल्या जहागिरींच्या वसुलावर आणि समुद्रावरील लुटीवर. नेपोलियनचा अल्पकालीन अंमल संपून १८०० साली इंग्रज आले, तेव्हापासून पावणेदोनशे वर्षे बेटाचे पोट आरमारी गोदी आणि लष्करी छावणी यांनी भरले. म्हणजे येथील माणसाच्या श्रमाला किंमत होतीच, पण त्याहून मोठी किंमत त्याच्या बंदराच्या जागेला होती, आणि ती देणारा धनी नेहमी बाहेरचा होता. दुसऱ्या महायुद्धातील अहोरात्र बॉम्बवर्षाव सोसल्याबद्दल १९४२ साली संबंध बेटाला जॉर्ज क्रॉस हे पदक मिळाले आणि ते आजही राष्ट्रध्वजावर मिरवते. परंतु युद्ध संपल्यावर ब्रिटनचे आरमार आटू लागले, तसतशी गोदीतील कामेही आटली, आणि पुढील तीन दशकांत सुमारे १,४०,००० माल्टीज माणसे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा अशा देशांची वाट धरून निघून गेली. १९५६ साली पंतप्रधान डॉम मिंटॉफ यांनी ब्रिटनमध्ये सामील होण्याची योजना सार्वमतास टाकली आणि मत देणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांनी ती उचलून धरली, ही गोष्ट आज राष्ट्राभिमानी वक्ते फारशी आठवत नाहीत. ती योजना बारगळली, १९६४ साली स्वातंत्र्य आले, आणि त्याच मिंटॉफ यांच्या कारकीर्दीत ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे ब्रिटिश सैन्य निघून गेले. त्या दिवशी भाडे देणारा धनी गेला आणि बंदर मात्र जागच्या जागी राहिले.

ज्या राज्यापाशी बारमाही नदी नाही, खनिज नाही, अरण्य नाही आणि पोटापुरते धान्य पिकवण्याइतकी जमीनही नाही, त्याने जगात विकायचे काय? प्रवासी धंदा होता, कापडाचे आणि पुढे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने आले, हे खरे. पण गेल्या तीस वर्षांतील भरभराटीचा उगम पाहू गेल्यास असे दिसते, की माल्टाने अखेर जी वस्तू बाजारात मांडली ती त्याचे राज्यपण ही होय. कायदा करण्याचा, कर बसवण्याचा, परवाना देण्याचा आणि नागरिक म्हणून कुणाला स्वीकारण्याचा जो अधिकार सार्वभौम राज्यालाच असतो, तोच येथे भांडवल झाला. जहाजांना आपला ध्वज देण्याच्या व्यवसायात माल्टाची नोंदवही आज युरोपात सर्वांत मोठी आहे. कंपन्यांवरील कर कागदोपत्री ३५ टक्के, परंतु नफा वाटून घेणाऱ्या परदेशी भागधारकास त्यातील सहा-सप्तमांशांपर्यंत परतावा मिळत असल्यामुळे हाती उरणारा बोजा पाच टक्क्यांवर येतो. २००४ साली युरोपीय संघात प्रवेश मिळाला, त्याच वर्षी दूरस्थ जुगाराचे नियम झाले, आणि संगणकावर द्यूत खेळवणाऱ्या कंपन्यांनी स्लीमा आणि सेंट ज्युलियन्सचा किनारा भरून गेला. २०१४ पासून तर नागरिकत्वच विक्रीस आले : राष्ट्रीय निधीत ६,५०,००० युरो भरावे, काही रोखे आणि घर घ्यावे, आणि युरोपीय संघाचा पासपोर्ट न्यावा.

या प्रत्येक व्यवहाराच्या समर्थनार्थ काही ना काही सांगता येते, आणि सरसकट तुच्छतेने त्याकडे पाहणे न्यायाचे होणार नाही. मोठी राष्ट्रे आपल्या विस्ताराच्या आणि सैन्याच्या जोरावर जे मिळवतात, ते छोट्या राज्याने कायद्याच्या चातुर्याने मिळवले तर बिघडले कुठे, असा माल्टीज मुत्सद्द्यांचा प्रश्न असतो, आणि लंडनच्या बँकांचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला त्यावर लगेच उत्तर सुचणार नाही. बेकारी जवळजवळ नाहीशी झाली, खजिना भरला, १ ऑक्टोबर २०२२ पासून रहिवाशांना बसचा प्रवासही विनामूल्य झाला. तरीही माझे मत असे आहे, की राज्यपण विकून जगणाऱ्या राज्याला एक वस्तू कधीच स्वस्तात मिळत नाही, आणि ती म्हणजे स्वतःच्या कायद्याबद्दलचा आदर. कारण ज्या खात्याचे काम गिऱ्हाईक आणण्याचे, त्याच खात्याने गिऱ्हाइकाची झडतीही घ्यावी ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नसते.

डाफ्ने कारुआना गालिझिया यांच्या हत्येकडे याच संदर्भात पाहावे लागते. पनामातील कंपन्यांत मंत्र्यांची आणि त्यांच्या विश्वासू अधिकाऱ्यांची नावे प्रथम उजेडात आणणाऱ्या या निर्भीड पत्रकार बाईंच्या मोटारीत १६ ऑक्टोबर २०१७ रोजी, बिद्निया येथील घरापासून थोड्याच अंतरावर, स्फोट घडवून त्यांना ठार मारण्यात आले. दोन वर्षांनी तपासाचे धागे पंतप्रधानांच्या कचेरीपर्यंत येऊन भिडले, राजधानी वालेटाच्या रस्त्यांवर लोक उतरले आणि जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान जोसेफ मस्कॅट यांना पद सोडावे लागले. जुलै २०२१ मध्ये न्यायाधीशांच्या चौकशी मंडळाने जो अहवाल दिला, त्यात मारेकऱ्यांपलीकडे जाऊन, दंडभय नाहीसे झाल्याचे वातावरण कारभाराच्या शिखरावरून खाली पाझरत गेले आणि त्याची जबाबदारी राज्याने घेतली पाहिजे, असे स्वच्छ शब्दांत नमूद केले आहे. त्याच्या आगेमागेच, जून २०२१ मध्ये, काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने माल्टाचे नाव आपल्या करड्या यादीत घातले. ही नामुष्की पुसली जाण्यास एक वर्ष लागले.

परंतु हत्या, पनामा आणि काळा पैसा एवढ्यावरच दृष्टी खिळली तर समाजाचे दर्शन होत नाही, कारण उच्चपदस्थांचा भ्रष्टाचार ज्या जमिनीत रुजतो ती जमीन सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहाराची असते. माल्टाची निवडणूकपद्धती एकल संक्रमणीय मताची आहे. तेरा मतदारसंघांतून प्रत्येकी पाच सभासद निवडले जातात, एका मतदारसंघात मतदार पंचवीस-तीस हजार, आणि सुमारे चार हजार मते गोळा झाली की उमेदवार निवडून येतो. मतदाराने उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असल्याने एकाच पक्षाचे उमेदवार परस्परांचे खरे प्रतिस्पर्धी ठरतात, आणि धोरणाच्या बाबतीत त्यांच्यात अंतर नसल्यामुळे चढाओढ उरते ती सेवेची. कुणाच्या मुलाला सरकारी नोकरी, कुणाच्या सासूला रुग्णालयात लवकरची तारीख, कुणाच्या गच्चीवर आणखी एका मजल्याची परवानगी. चार हजार मतांचा हिशेब ज्याला जुळवायचा आहे, त्याला दोनशे कुटुंबांची कामे हा केवढा आधार आहे, हे सांगायला नकोच. मंत्र्यांच्या कचेऱ्यांत यासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. अर्ज खात्याकडे जाण्याआधी शिफारस मंत्र्याकडे जाते. २०२३ साली जी प्रकरणे उघडकीस आली, त्यांपैकी एकात धडधाकट माणसांनी अपस्माराचे खोटे दाखले जोडून गंभीर अपंगांसाठी असलेला भत्ता उचलला होता, तर दुसऱ्यात मोटार हाकण्याच्या परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारांची नावे मंत्र्यांच्या कचेरीतून परीक्षकांच्या वरिष्ठाकडे पोहोचत होती. मला ही दोन प्रकरणे पनामाच्या कंपन्यांपेक्षा अधिक बोलकी वाटतात. पनामाच्या व्यवहारात चार-सहा माणसे होती. येथे फायदा घेणारे शेकडो होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना आपण काही गैर करतो आहोत असे वाटलेच नसावे. आपल्याकडे जिल्ह्याच्या कचेरीत वशिल्याची चिठ्ठी घेऊन ज्यांनी उन्हे काढली आहेत, त्या मराठी वाचकांना याचा खुलासा करण्याची गरज नाही.

याला जोड मिळते ती पक्षभेदाच्या परंपरेची. गावच्या ग्रामदैवत संताच्या उत्सवात दोन बँडमंडळे, दोन मिरवणुका, दोन तऱ्हांचे दारूकाम, आणि त्यांतील वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. तोच साचा राजकारणात उतरलेला दिसतो. मजूर पक्ष आणि राष्ट्रवादी पक्ष यांच्यापलीकडे १९६६ पासून आजतागायत एकही पक्ष स्वतःच्या बळावर संसदेत जागा मिळवू शकलेला नाही. दोन्ही पक्षांच्या मालकीची दूरचित्रवाणी केंद्रे आहेत, आणि एकाच घटनेच्या दोन बातम्या रोज संध्याकाळी दोन घरांत ऐकल्या जातात. १९८१ साली तर राष्ट्रवादी पक्षाला निम्म्याहून अधिक मते पडूनही मजूर पक्षाला जागा जास्त मिळाल्या आणि त्यानंतरची पाच-सहा वर्षे देश यादवीच्या कडेवर उभा होता. १९८७ मध्ये घटनादुरुस्ती झाली तेव्हा कोठे तो पेच सुटला. अशा देशात निःपक्षपाती सनदी नोकर ही चीज दुर्मिळ का असावी, हे उघड आहे.

लोकसंख्येचे प्रकरण स्वतंत्रपणे वाचण्याजोगे आहे. २०११ साली ४,१७,४३२ असलेली वस्ती २०२१ साली ५,१९,५६२ झाली, आणि ही वाढ जवळजवळ सर्वस्वी बाहेरून आलेल्यांची आहे. कारण माल्टातील जननप्रमाण युरोपीय संघात सर्वांत कमी, २०२३ साली दर स्त्रीमागे १.०६ इतके खाली गेले होते. ज्या देशाने आपली लेकरे जहाजे भरभरून ऑस्ट्रेलियाला पाठवली, तेथे आता दर पाच माणसांत एकाहून अधिक परकी आहे. त्यांतही प्रतवारी कशी, ती पाहावी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून होडीत बसून आलेल्या निर्वासिताला २००२ पासून बंदिस्त छावणी, मग हाल फार येथील लोखंडी खोल्या आणि पहाटे मार्साच्या चौकात रोजंदारीची वाट पाहणे; आशियातून परवान्यावर आलेल्याचे वास्तव्य मालकाच्या मर्जीला बांधलेले; आणि साडेसहा लाख युरो देणाऱ्यास मात्र नागरिकत्वाचा दस्तऐवज मिळत असे. २०१९ साली आयव्हरी कोस्टच्या एका कामगाराला रात्री घरी परतताना चालत्या मोटारीतून गोळ्या घालून मारण्यात आले आणि त्याबद्दल दोन सैनिकांवर आरोप ठेवण्यात आला, तेव्हा या प्रतवारीचा अर्थ पुष्कळांना पहिल्यांदा कळला.

आलेल्या माणसांना राहायला जागा पाहिजे, आणि येथे आपण या ग्रंथाच्या गाभ्याशी येतो. युद्धकाळापासूनच्या भाडेनियंत्रणाने घरमालकांना इतके जखडले होते, की हजारो घरे ओस टाकणे त्यांना परवडू लागले. १९९५ साली नव्या करारांवरील बंधने उठली, तेव्हा जुने भाडेकरू नाममात्र भाड्यात आणि नवे बाजाराच्या हवाली, असे दोन भाडेकरू एकाच जिन्यावर राहू लागले. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने जुन्या मालकांच्या बाजूने एकामागून एक निकाल दिले आहेत. दुसरीकडे २००६ साली बांधकामाच्या हद्दी वाढवण्यात आल्या, मजल्यांची मर्यादा सैल झाली, आणि मधाच्या रंगाच्या मऊ चुनखडीतून कोरल्यासारखी दिसणारी जुनी गावे यारींच्या सावलीखाली गेली. हा दगड नरम, शेजारच्या घरांना सामाईक भिंत, आणि खोदाई मात्र यंत्राने. मार्च २०२० मध्ये हमरून येथे शेजारच्या खोदकामामुळे घर कोसळून एक स्त्री स्वतःच्याच घरात गाडली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये कोर्डिन येथे बांधकाम चालू असलेली इमारत ढासळून वीस वर्षांचा एक तरुण मेला. त्याच्या आईने सार्वजनिक चौकशीची मागणी लावून धरली, जुलै २०२३ मध्ये संसदेत सरकारपक्षाने ती बहुमताने फेटाळली, आणि लोकक्षोभ पाहून आठवडाभराच्या आतच पंतप्रधान रॉबर्ट अबेला यांना ती मान्य करावी लागली. चौकशीत निष्पन्न झाले ते एवढेच, की परवाने देणारी खाती अनेक होती आणि बांधकामावर देखरेख करणारे कुणीच नव्हते.

पाण्याविषयी दोन वाक्ये पुरेत. १९८२ साली घार लॅप्सी येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा जो कारखाना उभा राहिला तो त्या वेळी आपल्या जातीचा जगातील सर्वांत मोठा होता, आणि आज नळाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग असाच वीज जाळून मिळवावा लागतो. भूगर्भातले पाणी मात्र विंधनविहिरींनी इतके उपसले, की त्यात खार शिरत चालला आहे. वाहनांची संख्या चार लाखांवर गेली असून तिच्याविषयी लिहिण्यासारखे फार नाही. ती रस्त्यावर उभी आहे. पक्ष्यांच्या शिकारीचा वाद मात्र आपल्याकडील वाचकास चमत्कारिक वाटेल : वसंतातील शिकार चालू ठेवावी की नाही यावर एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्राने सार्वमत घेतले आणि अडीच हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने पारव्याच्या जातीचे पक्षी हरले.

राहता राहिला धर्माचा आणि कुटुंबाचा प्रश्न. घटनेच्या दुसऱ्याच कलमात रोमन कॅथलिक धर्म हा माल्टाचा धर्म म्हणून नोंदलेला आहे. साठीच्या दशकात मजूर पक्षाला मत देणे हे महापाप ठरवून आर्चबिशपांनी त्याच्या नेत्यांवर बहिष्कार घातला होता, आणि त्यांच्यापैकी जे त्या काळात वारले त्यांना दफनभूमीच्या अपवित्र कोपऱ्यात पुरले गेले. त्या जखमेची आठवण ठेवूनच पुढील पिढीची गती समजून घ्यावी. घटस्फोट नसलेला युरोपीय संघातील हा शेवटचा देश होता. २८ मे २०११ च्या सार्वमतात ५३ टक्क्यांनी त्यास अनुकूल कौल दिला, आणि स्वतः पंतप्रधान लॉरेन्स गॉन्झी यांनी संसदेत विरोधी मत देऊनही कायदा झाला. सहा वर्षांच्या आत समलिंगी विवाहास मान्यता मिळाली, २०१८ साली सोळा वर्षांच्या मुलामुलींना मताधिकार आला, २०१९ साली शवदहन कायदेशीर झाले, आणि ब्रिटिश अमदानीपासून तेथे पेढ्या थाटून असलेल्या सिंधी कुटुंबांनाही त्यामुळे कायद्याची वाट मोकळी झाली. इतक्या वेगाने बदललेल्या कायद्याने एका दारापाशी मात्र पाय रोवले आहेत. गर्भपात करवणाऱ्या स्त्रीस तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम आजही पुस्तकात आहे. जून २०२३ च्या दुरुस्तीने मातेचा जीव धोक्यात असला तरच, आणि धोका तात्कालिक नसल्यास तीन तज्ज्ञांच्या संमतीनेच, अपवाद मान्य केला. ज्या सरकारला विवाहाची व्याख्या बदलताना काही वाटले नाही, त्याला येथे पाऊल मागे घ्यावे लागले, याचे कारण चर्चच्या सामर्थ्यात शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. मतांचा हिशेब करणाऱ्या दोन्ही पक्षांना या एकाच बाबतीत नवा मतदार दिसत नाही, असे मला वाटते.

२९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने नागरिकत्वाची ही विक्री युरोपीय कायद्याचा भंग करणारी ठरवली. राज्यपणाच्या दुकानातील एक फळी त्यामुळे मिटली. बाकीच्या उघड्या आहेत, आणि त्यांवर भरणाऱ्या खजिन्यातूनच पाळणाघरे, निवृत्तिवेतने आणि मातेर देई रुग्णालय चालते, हे विसरून माल्टाला उपदेश करणे सोपे आहे. ज्या वाचकापाशी वेळ थोडा असेल, त्याने पत्रकार बाईंच्या हत्येचे प्रकरण आधी उघडू नये. त्याने घरभाड्याचे आणि मतदारसंघांचे ही दोन प्रकरणे प्रथम वाचावीत, आणि त्यानंतरच वालेटाच्या न्यायमंदिरात शिरावे.